कोपरातली फट

खडीमाळावरच्या सत्तावीस घरांच्या फोटोंमागे स्वित्झर्लंड होते आणि चार घरांच्या फोटोंमागे ताजमहाल. एकतीस घरे, एकतीस फोटो, आणि सगळे एकाच बाईच्या हातचे. ती बाई वस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर बसून आपलेच जुने काम पाहत होती. हे काम आपण जरा वाईट केले असते तर फार बरे झाले असते, असे तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होते.

तिचे नाव रेणुका देवकर. वय एक्केचाळीस. मिरजेत तिचे फोटोफ्रेमचे दुकान होते. बावीस वर्षांपूर्वी मात्र ती गुलाबभाईंच्या स्टुडिओत कटिंग करायची. म्हणजे संगणकावर फोटोतला माणूस कडेकडेने कापून उचलायचा, मागचे सगळे फेकून द्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल तिथे त्याला नेऊन उभे करायचे. सोयऱ्याला चहाच्या मळ्यात, नवरदेवाला राजवाड्यात, गेलेल्या आजोबांना निळ्या आभाळापुढे. ठिपक्याठिपक्याने चालणारे ते काम. पुढे यंत्रे हुशार झाली, बोटाच्या एका ठोक्यात माणूस मोकळा होऊ लागला आणि रेणुकाच्या हाताला कुणी विचारेना. तिने रडगाणे गायले नाही. फ्रेमच्या पट्ट्या कापायला घेतल्या.

खडीमाळ ही जुन्या दगडखाणीची सरकारी जागा. खडी फोडणारी माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत होती. आता, २०३६ साली, तिथे मालवाहू ड्रोनचा तळ व्हायचा होता. २०१५ च्या आधीपासून राहणाऱ्यांना पक्की घरे मिळणार होती आणि नंतर आलेल्यांनी महिन्याभरात जागा मोकळी करायची होती. ऐकायला सोपे. पण आधीपासून राहत होतो, हे दाखवायचे कशाने? रेशनकार्डे मूळ गावी, मतदारयादीतली नावे मूळ गावी. उपग्रहाच्या जुन्या चित्रांत पत्रे आणि ताडपत्र्या दिसत होत्या, पण ती ठेकेदाराची गुदामे होती, असे सरकारी वकील म्हणत होते. वरून फक्त पत्रा दिसतो. पत्र्याखाली चूल होती की खडीचे यंत्र, ते दिसत नाही.

राहिले फोटो. त्या प्रत्येकाच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि तारीख होती, आणि सगळ्या तारखा २०१५ च्या आतल्या. फोटो काढले होते झोपड्यांसमोरच. रेणुकानेच. आणि झोपडी दिसायला नको म्हणून कापलेही तिनेच.

“मूळ फोटो कुठं आहेत?” डॉ. केळुसकरांनी विचारले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतली ही तिशीची बाई दोन दिवसांपासून वस्तीवर गाडी लावून बसली होती. सुनावणी अधिकाऱ्यांनीच तिला बोलावले होते.

“एकोणीसच्या पुरात गेले,” रेणुका म्हणाली. “स्टुडिओच्या माळ्यापर्यंत पाणी होतं.”

“हरकत नाही. आपल्याला कापलेला माणूस पुरतो.”

रेणुकाचा धाकटा भाऊ तिम्मा शेजारीच उभा होता. वस्तीच्या वतीने सगळी धावपळ त्याचीच. तो म्हणाला, “मॅडम, असलं यंत्र तर पोरांच्या फोनमध्ये बी असतंय की. मागचं भर म्हटलं की भरतंय.”

“ते आपल्या मनानं भरतं, तिम्माण्णा. म्हणून तर आता कुठलंच कोर्ट साध्या फोटोवर विश्वास ठेवत नाही. हे भरत नाही, हे मोजतं.”

मग तिने समजावून सांगितले. माणूस कुठेही उभा राहिला की आजूबाजूच्या वस्तूंवरून उडालेला उजेड त्याच्या अंगावर पडतो. निळ्या ताडपत्रीशेजारी उभे राहिले की गालावर निळ्याची झाक येते, लाल मातीत उभे राहिले की हनुवटीखाली लाली चढते. डोळ्याला ती जाणवत नाही. पण नाकाची एक बाजू एका दिशेचा उजेड गोळा करते, दुसरी बाजू दुसऱ्या दिशेचा. पदराची प्रत्येक चुणी, गळ्यातला प्रत्येक मणी आपापल्या दिशेचा. हे हजारो बारीक हिशेब एकत्र करून उलटे सोडवले, की तो माणूस कशाच्या मधोमध उभा होता ते पुन्हा मांडता येते. पार्श्वदर्शी नावाचे तिचे यंत्र तेच करीत होते. आणि जिथे उजेडाचा पुरावा नसेल, तिथे ते काळे सोडून देत होते. अंदाज करायची त्याला मुभाच नव्हती.

“म्हणजे पार्श्वभूमी कापली, तरी ती माणसाच्या अंगावर राहतेच,” डॉक्टर म्हणाली.

पण पहिला फोटो यंत्रात गेला आणि पडद्यावर स्वित्झर्लंड पुसले जाऊन काळोख आला. दुसऱ्यालाही काळोख. एकतिसाव्यापर्यंत तेच.

डॉक्टरने चष्मा काढला. “रेणुकाताई, कापल्यावर तुम्ही रंगांचं काही करत होता का?”

“धुवत होते,” रेणुका म्हणाली. “झोपडीचा निळा उजेड गालावर ठेवून माणूस बर्फात उभा केला, तर आजारी दिसतो. गुलाबभाईंनी शिकवलं होतं, आधीच्या जागेचा रंग अंगावरनं पार काढायचा. कड वेगळी, कातडी वेगळी, कापड वेगळं. एका फोटोला अख्खा दिवस जायचा. कोल्हापूरचे स्टुडिओसुद्धा माझ्याकडं काम पाठवायचे.”

हे सांगताना तिला अभिमान वाटला आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली.

“म्हणजे आक्का,” तिम्मा हळूच म्हणाला, “तू काम झकास केलंस म्हणून आमची घरं चालली व्हय?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोपे गेले असते.

“एक वाट आहे,” डॉक्टर म्हणाली. “तुम्ही धुतलेल्या फोटोंपैकी एखाद्यात न धुतलेला तुकडा राहिलेला हवा. मूळ जागेचा. एकाच फोटोत धुतलेलं आणि न धुतलेलं दोन्ही मिळालं, की तुमच्या हाताची रीत यंत्राला कळेल. कशानं धुतलं ते कळलं, की डाग कशाचा होता तेही निघतं. मग सगळे एकतीस उघडतील. आठवतो असा एखादा? चुकलेला?”

रेणुकाला आठवायची गरज नव्हती. ती चूक गेली एकवीस वर्षे तिच्याच सासरच्या बैठकीत, चांगल्या सागवानी फ्रेममध्ये टांगलेली होती.

“बघते,” एवढेच ती म्हणाली.

* * *

त्या फोटोची गोष्ट अशी. २०१४ साली रेणुकासाठी स्थळ बघणे चालू झाले. समाजाचा वधू-वर मेळावा सांगलीला भरायचा, तिथे फोटो द्यावा लागे. मामा म्हणाला, “झोपडीसमोरचा फोटो दिलास तर झोपडीतलंच स्थळ येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.” रेणुकाने स्वतःचा फोटो स्वतःच कापला आणि रंगाच्या कंपनीच्या कॅलेंडरवरच्या एका गुलाबी बंगल्यापुढे स्वतःला उभे केले. बंगला मामाचा, मुलगी आईसकट मामाकडेच वाढली, असे ठरले. देवकरांचे घर मिरजेतले, बांधकामाच्या ठेकेदारीत वर आलेले. त्यांना मुलगी आवडली. बंगलाही आवडला. लग्नात रेणुकाची आई यल्लव्वा मामाच्या घरचीच म्हणून मिरवली आणि चौथ्या दिवशी परत खाणीवर गेली.

एक खोटे झाकायला मग दहा लागतात. सासू शेवंताबाईंनी बंगला बघायला जाऊ म्हटले, तेव्हा मामाने बंगला विकला. पुढच्याच वर्षी दगडाच्या धुळीने छातीत घर केलेली यल्लव्वा गेली, आणि तिम्मा खडीमाळावर राहतो हे उघड झाले, तेव्हा तो बंगला विकल्यावर तिकडे गेला असे झाले. शेवंताबाई आल्यागेल्याला फोटो दाखवून सांगत, “आमच्या सुनेचं माहेर बंगल्यातलं. दिवस फिरले बिचाऱ्यांचे.”

त्या फोटोत रेणुकाने डावा हात कमरेवर ठेवला होता. कोपर आणि कंबर यांच्या मध्ये तिकोनी फट पडली होती. कटिंग करणाऱ्याला पहिला धडा हाच असतो, की बाहेरची कड सगळेच कापतात, आतली भोके विसरायची नाहीत. दुसऱ्यांच्या शेकडो फोटोंत रेणुका एकही भोक विसरली नव्हती. स्वतःच्या फोटोत तिने केसाची बट न् बट सोडवली, चेहरा तीनदा धुतला आणि कोपरातली फट तशीच राहिली. साडी निळी, फटीतली ताडपत्रीही निळी, म्हणून ती कुणाला दिसली नाही. रेणुकाला मात्र रोज दिसायची. चहा घेऊन बैठकीत आले की तिची नजर आधी बंगल्यावर नाही, त्या फटीवर जायची.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई स्टुलावर उभ्या राहून तीच फ्रेम पुसत होत्या. हा त्यांचा रोजचा नेम. पंच्याहत्तरी उलटली तरी तो त्यांनी कुणाला दिला नव्हता. रेणुकाचा नवरा नागेश नाश्ता करत होता.

“आत्याबाई, तो फोटो मला पाहिजे. उद्याच्या सुनावणीला.”

“ने की. पर तुझ्या बंगल्याचा आन् त्या खाणीचा काय संबंध?”

रेणुकाने रात्रभर शब्द जुळवले होते. त्यातला एकही आता कामाला आला नाही.

“तो बंगला आमचा नव्हता. मामाचाही नव्हता. कॅलेंडरवरनं कापलाय. मी खडीमाळावरची. नवव्या वर्षापासून तिथंच वाढले, पहिल्या झोपडीत. आई तिथंच खडी फोडायची, तिथंच गेली. त्या फोटोत हाताच्या फटीत आमची झोपडी राहिलीय. उद्या मला सगळ्यांसमोर तसं लिहून द्यावं लागंल.”

शेवंताबाई स्टुलावरून सावकाश उतरल्या. फडका हातातच होता.

नागेश आधी बोलला. “मागच्या महिन्यात तू नसताना सर्वेक्षणवाला फ्रेमच्या दुकानात आलता. मला विचारलं, तुमचा मेहुणा तिथं कधीपासनं हाय. मी सांगितलं, दोन हजार सोळापासनं. लिहून घेतलंय त्यानं. माझी सही हाय त्याच्यावर.” त्याने ताट बाजूला सारले. “मी माझ्या मेहुण्याच्या घरावर नांगर फिरवला, रेणुका. तुझं खरं मानून.”

खोटे आपल्यापुरते राहील असे तिला वाटत आले होते. ते सही करून सरकारदरबारी जाऊन बसले होते.

“झोपडीतली हाय म्हणून मी तुला नको म्हणलं असतं,” शेवंताबाई म्हणाल्या. “व्हय, म्हणलं असतं. खोटं का बोलू? पर मग एक-दोन सालांनी तरी सांगायचंस. पोरगी झाली तवा सांगायचंस. एकवीस वर्सं तू खोटं भिंतीवर टांगलंस, आन् मी रोज त्याची धूळ पुसली.”

“चुकलं माझं,” रेणुका म्हणाली. “त्याची शिक्षा तुम्ही द्याल ती घेईन. पण फोटो उद्या जाणार. एकतीस घरं आहेत, आत्याबाई.”

“ह्यो फोटो दिलास की गावभर होईल. माझ्या तोंडाला काळं लागंल.”

“लागंल. माझ्याही.”

शेवंताबाई आत निघून गेल्या. नागेश दुकानाला गेला, डबा न घेता. रेणुका स्टुलावर चढली, फ्रेम उतरवली आणि दुपारभर एकटीच बैठकीत बसून राहिली. तिला आईची फार आठवण आली. यल्लव्वाचा एकही फोटो नव्हता. “माझा काय फोटू काढतीस, नुसती धूळ हाय अंगावर,” असे म्हणून ती दर वेळी सटकायची. वस्तीतल्या प्रत्येक गेलेल्या माणसाला रेणुकाने हाराचा फोटो करून दिला होता. आईला कशातून कापायचे, हा प्रश्न होता. मध्यंतरी तिने वर्णन सांगून यंत्राकडून आईचा चेहरा करून घेतला होता. छान झाला होता. तिम्माने बघितला आणि म्हणाला, “ही कोण बाई हाय?”

* * *

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी, शाळेच्या एका हॉलमध्ये होती. अख्खी वस्ती आली होती. रेणुका फ्रेम छातीशी धरून उभी राहिली आणि नाव, गाव, जन्म, झोपडी, बंगला, सगळे एका दमात सांगून मोकळी झाली. मागच्या बाकांवर मिरजेची दोन-चार ओळखीची तोंडे होती. तिने त्यांच्याकडे बघितले नाही.

सरकारी वकील उठले. “बाई, एकवीस वर्षं तुम्ही घरच्यांशी खोटं बोललात. आज खरं बोलताय, हे कशावरून मानायचं?”

“मानू नका,” रेणुका म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. फटीत काय आहे ते मोजा.”

“आणि तुमच्या यजमानांचा जबाब? २०१६ म्हणतात ते.”

“तो मी मागं घेतो.” आवाज दाराकडून आला. नागेश उभा होता आणि त्याच्याशेजारी, त्याच्या दंडाला धरून, शेवंताबाई. “मला जे सांगितलं ते मी सांगितलं. चुकीचं होतं. आता नवीन लिहून घ्या.”

तो रेणुकाकडे बघत नव्हता. पण आला होता.

डॉ. केळुसकरांनी फ्रेम उघडली, पाठीवरचा शिक्का अधिकाऱ्यांना दाखवला: ९ मार्च २०१४. मग फोटो यंत्राखाली सरकवला.

आधी गुलाबी बंगला गेला. काळोखात एकटी रेणुका उरली, एकोणीस वर्षांची, कमरेवर हात, आणि कोपरात निळा तिकोन. मग त्या तिकोनाला धरून बाजूचा काळोख हळूहळू उजळू लागला. ताडपत्री आली. ताडपत्रीखाली रचलेल्या दगडांची भिंत. भिंतीला काजळी, काजळीखाली तीन दगडांची चूल, तिच्यावर वाकडे पातेले. दोरीवर तिम्माची शाळेची चड्डी. मधेमधे काळी भोके होती, कडा विरघळलेल्या होत्या, पण चूल ती चूल.

“हात कळला,” डॉक्टर म्हणाली आणि एकेक करून बाकीचे फोटो सरकवू लागली. स्वित्झर्लंडचा बर्फ वितळत गेला. कुठे चूल, कुठे पाळणा, कुठे दाराला टांगलेले लिंबू-मिरची. ताजमहालामागून एक शेळी निघाली तेव्हा वस्ती हसली. अधिकारी प्रत्येक चित्राखाली सही करत गेले. सरकारी वकील चौथ्या फोटोनंतर खाली बसले ते उठले नाहीत.

एकतीस झाल्यावर डॉक्टर पुन्हा पहिल्या फोटोकडे वळली. “एक राहिलं. आतापर्यंत आपण माणसाच्या मागचं मोजलं. पण चेहऱ्यावरचा उजेड समोरून येतो. रेणुकाताईंच्या उजव्या गालावर एक वेगळाच उजेड आहे. जोरदार, गोल. तो कशाचा, ते कळलं तर नोंद पुरी होईल.”

पडदा काळा झाला. मग मधोमध एक गोल, पांढरा, लखलखीत. त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी बोटांसारखे काहीतरी. गोलाच्या मागे एक ठेंगणी बाई उभी राहिली. काष्टा घातलेली. चेहऱ्याच्या जागी काळे होते, कारण तिच्या चेहऱ्यावरून उडालेला उजेड रेणुकापर्यंत पोचण्याइतका नव्हता. डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटे खाली होता, वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर पाटी वाहिलेल्या माणसाचा असतो तसा.

“आई,” तिम्मा म्हणाला.

रेणुका तो दिवस विसरली नव्हती. पण तो उजेड आपल्या गालावर असा टिकून असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. सगळा चेहरा तीनदा धुऊनही तो निघाला नव्हता.

“ही कोण?” अधिकाऱ्यांनी विचारले. “आणि हातात काय आहे?”

“परात आहे,” रेणुका म्हणाली. “स्टुडिओत उजेड पाडायला पांढरा पडदा असतो. झोपडीत कुठला? मी म्हटलं, आई, परात घासून आण आणि माझ्या तोंडावर ऊन पाड. राखेनं घासली तिनं. हात भाजेपर्यंत उन्हात धरून उभी होती.”

“नाव सांगा. रहिवाशांच्या यादीत घ्यावं लागेल.”

लग्नानंतर माहेरच्या पत्त्यासकट हे नाव तिने कुणाला सांगितले नव्हते.

“यल्लव्वा हणमंत धोत्रे. राहणार खडीमाळ, झोपडी पहिली.”

अधिकाऱ्यांनी यादीचा कोरा कागद पुढे ओढला, वर १ हा आकडा घातला आणि नाव लिहिले.

* * *

आठवड्याने रेणुकाने दुकानात आईचा फोटो छापायला घेतला. छपाईच्या संगणकाने नेहमीप्रमाणे विचारले: चित्र अपुरे आहे, चेहरा पूर्ण करू? तिने ‘नको’ दाबले. पार्श्वभूमी भरू? ‘नको’. त्याने आणखी दोनदा विचारले आणि गप्प बसला.

बंगल्याची सागवानी फ्रेम रिकामीच होती. तिला नवी काच घातली, फोटो नेमका बसला. तसाच फोटो दुसऱ्या फ्रेममध्ये घालून तिम्माला दिला आणि ही तिने घरी नेली, बैठकीतल्या जुन्या खिळ्याला लावली, हार घातला. शेवंताबाई त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरत्याच बोलत होत्या. त्या आतून आल्या, स्टूल ओढले आणि नागेशने हात दिला तसा धरून वर चढल्या. त्यांनी त्या बिनचेहऱ्याच्या, परात धरलेल्या विहिणीकडे बराच वेळ बघितले.

मग कमरेचा फडका काढला आणि काच पुसली. नवी होती, धूळ नव्हती, तरी पुसली.